येसाईची ओळ

बालाघाटच्या पठारावर, सारोळ्याच्या शिवेला, सटवाईचे वावर आहे. तिथल्या सटवाईला फूल वाहत नाहीत. कळी धरण्याआधी मुळासकट उपटलेला टारफुला, जोंधळ्यात उगवणारे तण, तिच्यापुढे ठेवतात आणि तिथेच जाळतात. नवख्या माणसाला हे विपरीत वाटते. पण यामागे येसाईचा नवस आहे, असे सांगतात.

येसाई जन्मभर दुसऱ्यांची शेते खुरपणारी बाई. तिच्या काळी या वावरात जोंधळ्याच्या बुडाशी पहिल्यांदा टारफुल्याची इवलीशी पांढरी फुले दिसली म्हणे. देवीच्या दारात उगवली, म्हणजे देवीचीच! बाया त्यांना वळसा घालून खुरपू लागल्या, आणि फुलली की ओंजळी भरून वाहू लागल्या. पाऊस चांगला होता, तरी जोंधळा करपला. दुसऱ्या साली फुले दुप्पट आली आणि कणसात दाणा भरला नाही. गावची धान्याची पेवे रिकामी झाली. येसाईची सून गोदा तेव्हा पोटुशी होती. येसाई तिला अंबाडीच्या पाल्यावर जगवत होती.

तिसऱ्या साली येसाईने एक रोप खुरप्याने हळूहळू उकरले आणि वाकून पाहिले. टारफुल्याचे मूळ मातीत गेलेच नव्हते. ते जोंधळ्याच्या मुळात शिरले होते, आणि जळू लागावी तसे चिकटून पीत होते.

ती पाटलांकडे धावली. पाटील म्हणाले, "देवीच्या फुलाला खुरपं लावशील, तर वंश बुडंल तुझा."

येसाईला भीती वाटली, फार वाटली. पण उपाशी सून डोळ्यांपुढे होती. कळ्या धरण्याआधी तिने एकटीने साऱ्या वावरातला टारफुला उपटून काढला. रोप उपटताना जमिनीखालून दम सोडल्यासारखा आवाज येई, असे म्हणतात.

सांजेला गोदा बाळंत झाली. बाळ निळे पडले होते, रडेना. येसाई सटवाईपुढे जाऊन पडली. "आई, फुलं मी उपटली, लेकरावर राग काढू नगस. राखेवानी बारीक बी हाय ह्यांचं, मातीत निजून ऱ्हातं आन् जोंधळ्याचं मूळ जवळ आलं की जागं हुतं. त्यातलं शेवटचं बी सरंस्तवर मी हितंच राखणीला बसते. लेकरू तेवढं ऱ्हाऊ दे."

घरात बाळ रडले. येसाई मात्र परतली नाही. तिची पावले वावराच्या मध्यापर्यंत उमटली होती. पुढे खुरपे मातीत उभे रोवलेले होते, आणि पाऊल एकही नव्हते. त्या साली जोंधळा दाण्याने वाकला.

आजही त्या वावरात इतर पीक घेतात आणि मधोमध जोंधळ्याची एकच ओळ पेरतात, निजलेले बी जागे व्हावे म्हणून. टारफुला वर आला की गोदाच्या वंशातल्या बाया मुकाट्याने उपटतात. फुलू देत नाहीत, म्हणून दर साली तो कमीच निघतो. गेल्या साली अकराच निघाले. त्या घरची थोरली सून अनसूया ते मोजून उठली, वावराकडे पाठ न करता मागे मागे बांधापर्यंत आली आणि बायांना हळूच म्हणाली, "आता घर झाडून ठेवा गं. राखण सरत आली, यायची झाली ती."