वाट बघण्याचे इंग्रजी

तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्यावर एकदा, साठी उलटल्यावर, इंग्रजी शिकण्याची वेळ आली. धनपाल आरवाडे हे त्यांचे नाव. सौद्यात त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई, आणि घरातही तो तसाच मानला जावा अशी त्यांची धारणा होती. घरातले एकच माणूस तो मानत नसे, ते म्हणजे त्यांची एकुलती एक लेक पद्मजा. ती शिकायला स्कॉटलंडला गेली, तिथेच नोकरीला लागली आणि दर दिवाळीला "पुढच्या वर्षी नक्की येते" असे सांगू लागली. शेठजी रुसले. तिचा फोन आला की "आईशी बोल" एवढेच म्हणून ते मोबाइल पत्नीच्या, शशिकलाबाईंच्या, हाती देत.

अशात पद्मजाने तिथल्याच युअन नावाच्या तरुणाशी लग्न ठरवले. युअनची आई मोराग ही करारी बाई होती. "मी आधी मुलीच्या घरच्यांशी बोलेन, मगच पुढचे ठरेल," असे तिने कळवले. आता फोन पत्नीच्या हाती देऊन भागणार नव्हते.

शेठजी चिवटे सरांकडे गेले. ऐंशीच्या घरातल्या या सरांनी त्यांना शाळेत इंग्रजी शिकवले होते. निदान तसा प्रयत्न केला होता.

"सर, एकच वाक्य पाहिजे. 'आम्ही तुमची वाट बघतोय.' बाकीचं मुलगी सांभाळून घेईल."

"वाट बघण्याला इंग्रजीत पुष्कळ शब्द आहेत. तुला कसला पाहिजे?"

"वजनदार द्या."

सर त्यांच्याकडे बघून म्हणाले, "वी आर एक्स्पेक्टिंग यू. पाठ कर. आणि सगळंच्या सगळं पाठ कर."

शेठजींनी पेढीवर बसून, बेदाणा निवडता निवडता, ते घोकले. ठरलेल्या दिवशी कोट चढवून ते मोबाइलसमोर बसले. एका बाजूला शशिकलाबाई, दुसऱ्या बाजूला शेठजींच्या वृद्ध मातोश्री. पडद्यावर मोरागबाई आल्या, शेजारी पद्मजा. नमस्कार झाले. शेठजींनी घसा साफ केला. पण ऐन वेळी वाक्याचे पुढचे आणि मागचे तुकडे कुठेतरी गळाले.

"मॅडम," ते गंभीरपणे म्हणाले, "आय ॲम एक्स्पेक्टिंग."

मोरागबाईंनी कान पुढे केला. आपले म्हणणे पोचले नाही असे वाटून शेठजींनी शशिकलाबाईंकडे हात केला. "माय वाइफ इज ऑल्सो एक्स्पेक्टिंग."

मोरागबाईंच्या भुवया वर गेल्या. कोणी वगळले गेले असे व्हायला नको, म्हणून शेठजींनी मातोश्रींकडेही बोट दाखवले. "माय मदर ऑल्सो."

मातोश्रींनी हात जोडून मान डोलावली.

"काँग्रॅच्युलेशन्स," मोरागबाई क्षीण आवाजात म्हणाल्या. पद्मजाने टेबलावर डोके टेकले होते. तिचे खांदे हसण्याने गदगदत होते. "बाबा," ती कशीबशी म्हणाली, "तुम्ही तिघंही गरोदर आहात असं सांगितलंत!"

शेठजींनी फोन बंद करून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते सरांच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी झाला प्रकार सांगितला.

"सर, तुमच्या शब्दानं माझी अब्रू गेली."

"शब्दाला बोल लावू नकोस. त्यातला 'यू' कुठे सांडलास?"

"एवढ्याशा 'यू'नं काय होतंय?"

फाटकाबाहेरच्या दगडी बाकाकडे बोट दाखवून सर म्हणाले, "तिथे बस. वाट बघ." आणि आत जाऊन त्यांनी दाराला कडी लावली.

शाळेतल्या सवयीने शेठजी बसले. ऊन चढले. शेजारच्या अंगणात पापड वाळत घालणाऱ्या बाईंनी विचारले, "शेठ, कुणाची वाट बघताय?"

"माहीत नाही."

"मग घरी पंख्याखाली बसून बघा की!"

शेठजी चरफडत राहिले. कधी मोबाइल चाळला, कधी डुलकी घेतली. यथावकाश सर झोप आटोपून बाहेर आले.

"काय केलंस?"

"वेट केलं."

"कोणासाठी?"

"ते तुम्ही सांगितलंच नाही!"

"मग ते वेट नव्हे, लॉयटरिंग. विनाकारण रेंगाळणं. त्याला पोलीस हटकतो." सर त्यांच्याशेजारी टेकले. "आता आणखी थोडा वेळ बस. समज, पद्मजा येते आहे."

कोपऱ्यावर एक रिक्षा वळली तसे शेठजी अर्धवट उठले. रिक्षात कांद्याची पोती होती. ते बसले. नकळत त्यांनी सदऱ्याची कॉलर नीट केली, केसांवरून हात फिरवला. दुसरी रिक्षा आली तेव्हा ते पुन्हा उठले. तीही निघून गेली. बऱ्याच वेळाने, रस्त्यावरची नजर न काढता, ते हळूच म्हणाले, "सर, ती आल्यावर पहिल्यांदा काय बोलू?"

मग सर बोलले. "एक्स्पेक्ट वजनदार खराच, कारण त्यात हक्क असतो. येणारच, यायलाच पाहिजे! तू पोरीला इतकी वर्षं एक्स्पेक्ट केलंस. ती आली नाही की तुझा हक्क दुखावला, आणि तू बोलणं टाकलंस. होप नावाचा एक शब्द आहे. त्यात हक्क नाही, नुसती इच्छा आहे. ती फसली तर हसं होईल, म्हणून तुझ्यासारखी माणसं तो उच्चारत नाहीत. आणि आत्ता तू रिक्षा बघून उठलास ना, त्याला ते लोक लुकिंग फॉरवर्ड म्हणतात. माणूस पोचायच्या आधीच त्याचा आनंद सुरू होतो. आपण या सगळ्याला वाट बघणंच म्हणतो, त्यामुळे आपण नेमकं काय करतोय ते आपल्यालाच कळत नाही. पण भाषा कुठलीही असो, धनपाल, वाट कुणाची तरी बघायची असते. तो 'कुणी' गळला की आपणच उरतो. तू तेच म्हणालास. मी, माझी बायको, माझी आई. समोरच्याला जागा कुठे ठेवलीस?"

सरांच्या पाया पडून शेठजी घरी गेले आणि त्यांनी स्वतः फोन लावला. पद्मजा आणि मोरागबाई दोघीही समोर आल्या.

"पदे," ते मराठीतच म्हणाले, "मी तुझी वाट बघतोय गं. जमेल तेव्हा ये. नाही जमलं तरी बघीन."

पद्मजा पडद्याजवळ सरकली. "मला वाटलं, बाबा, तुम्ही बघायचं सोडलंत."

मग शेठजी मोरागबाईंकडे वळले आणि एकही तुकडा न सांडता म्हणाले, "मॅडम, वी आर लुकिंग फॉरवर्ड टु सीइंग यू."

मोरागबाईंचा चेहरा उजळला. डिसेंबरात सगळ्यांनीच तासगावला यायचे, असे त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकले. त्यांनीही या भेटीसाठी एक मराठी वाक्य शिकून ठेवले होते. मात्र कामात काही बिघडले की पद्मजा 'वाट लागली' म्हणून कपाळावर हात मारी. तेही त्यांच्या कानात बसले होते. छातीवर हात ठेवून, डोळ्यांत पाणी आणून, त्या सावकाश म्हणाल्या, "मी... तुमची... वाट लावते."

शशिकलाबाईंनी तोंडात पदर कोंबला. पद्मजा खुर्चीसकट मागे कलली. शेठजी मात्र हसले नाहीत. त्यांनी पडद्यासमोर आदराने हात जोडले.

"लावा, अवश्य लावा," ते म्हणाले, "पण लवकर या."