सॉरी, रिग्रेट, अपॉलॉजी

“पण बाबा, यांतला नेमका कोणता?”

खरवंडीकर सर तिसऱ्यांदा विचारत होते. बसा म्हटलं तरी बसत नव्हते. मठाच्या ओसरीवर या खांबापासून त्या खांबापर्यंत नुसत्या येरझाऱ्या. मी मठात स्वयंपाक करते. यांच्यासाठी चहा दोनदा गरम केला होता. तिसऱ्यांदा काही मी करणार नव्हते.

सर तालुक्याच्या कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. सारख्या वाटणाऱ्या इंग्रजी शब्दांतले फरक सांगणारं एक जाडजूड पुस्तकही त्यांच्या नावावर आहे. आमच्या भैरवगिरीबाबांना इंग्रजीचा गंध नाही. तरी सर त्यांच्याकडेच आले, कारण दुसऱ्या कोणापुढे हे बोलायची त्यांना लाज वाटत होती.

प्रकरण लेकीचं होतं. ऋजुता, एकुलती एक. चार वर्षांपूर्वी तिनं घरी न सांगता लग्न केलं आणि बापलेकीचं बोलणं तुटलं. आता येत्या सोमवारी ती नवऱ्याबरोबर कायमची कॅनडाला निघाली होती. त्याआधी सरांना तिला पत्र धाडायचं होतं. पोस्ट तीनला बंद होणार, आणि पहिल्याच ओळीवर गाडी अडलेली. अकरा कागद फाडून झाले होते म्हणे.

“फोन करा,” बाबा म्हणाले.

“उचलत नाही.”

“मग लिहा.”

“लिहू काय? सॉरी लिहावं, तर ते फार हलकं. कोणाच्या मयताला गेलं तरी सॉरीच म्हणतात. त्यात आपली चूक कुठे येते?”

“बरं.”

“रिग्रेट लिहावं, तर गाडी लेट झाली की रेल्वेवालेही रिग्रेट करतात. कोरडा शब्द.”

“हं.”

“अपॉलॉजी म्हणजे चूक कबूल. पण ती मनातून असतेच असं नाही. कोर्टाच्या धाकानंही देता येते.”

“मग मराठीत लिहा की.”

सर थबकले.

“मराठीत... मराठीत मी तिला कधी काही लिहिलंच नाही, बाबा. ती चौथीत होती तेव्हापासून आमची पत्रं इंग्रजीत. मीच लावलेली सवय.”

“चूक काय झाली तुमची? लग्न मानलं नाहीत?”

“ते तर झालंच. पण... सहा महिन्यांनी तिनं आपणहून पत्र पाठवलं होतं.”

“मग?”

सर पुन्हा पलीकडच्या खांबाकडे गेले. तिकडे तोंड करूनच म्हणाले, “मी ते तपासलं.”

“म्हणजे?”

“लाल पेनानं. चुका दुरुस्त केल्या... आणि परत पाठवलं.”

अगं बाई गं! माझ्या हातात उलथणं होतं, ते फेकून मारावंसं वाटलं मला त्या विद्वानाला. लेकीनं पत्र लिहावं आणि बापानं ते तपासावं? शिकून शिकून माणूस इतका खुळा होतो?

बाबांचा आवाज मात्र तसाच. “काय चुकलं होतं तिचं?”

या प्रश्नाचं उत्तर सरांना येत होतं. ते वळले. आवाजही जरा वर्गातला झाला.

“तिनं सॉरी लिहिलं होतं. मी ते खोडून अपॉलॉजाइज केलं.”

“का?”

“का म्हणजे? तिला नुसतं वाईट वाटत नव्हतं. तिला माफी मागायची होती!”

“तसं लिहिलं होतं तिनं?”

“लिहायला कशाला हवं?” सर चिडलेच. “ओळीओळीतून कळत होतं, बाबा!”

“कळत होतं,” बाबा म्हणाले.

खांबाला धरून सर हळूहळू खाली बसले आणि एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडायला लागला. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तांब्या पुढे ठेवला, तर त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

शेवटी मलाच राहवलं नाही.

“अडीच वाजून गेले, सर. पोस्ट बंद होईल.”

त्यांनी डोळे पुसले. पिशवीतून कोरा कागद काढला, मांडीवर घेतला. पेनाचं टोपण काढलं.

“बाबा... तुम्हीच सांगा. कोणता लिहू?”

“कोणताही लिहा.”

“आणि चुकला तर?”

“ती तपासणार नाही, सर... वाचेल.”