आत कधी न बसलेला कारागीर

फार जुनी गोष्ट आहे आणि त्यात सगळी चूक भिवबाची होती. भिवबा म्हणजे विहिरीवरच्या बाभळीतला सर्वांत म्हातारा सुगरण पक्षी. नरांनी घरटी विणायची आणि माद्यांनी पाहून पसंत करायची, असा तिथला धंदा.

"काका, वीण देखणी आहे," एक मादी म्हणाली. "पण वाऱ्यात घरटं झुलतं. गेल्या वर्षी माझी दोन अंडी घरंगळून फुटली. तुम्ही कधी आत बसून पाहिलंय?"

"माझ्या बापानंही असंच विणलं. तुलाच नीट बसता आलं नसेल," भिवबा म्हणाला. बाजूच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांना तेवढंच जमायचं.

ती टोकाच्या फांदीवर विणणाऱ्या गेंदू नावाच्या तरुण नराकडे गेली. गेंदूची वीण ओबडधोबड, पण त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं. अंड्यांच्या जागेला त्यानं उंच काठ विणला आणि घरटं जड व्हावं म्हणून आत ओल्या मातीचे गोळे लावले.

"घरट्यात चिखल? गिऱ्हाईक पळेल याचं," भिवबा हसला. गिऱ्हाईक पळालं, ते गेंदूच्याच फांदीकडे.

मग एका वाऱ्याच्या दुपारी भिवबा पहिल्यांदाच स्वतःच्या घरट्यात शिरला आणि या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहिला. बाहेर आला तर समोर तीच मादी.

"नीट बसता आलं ना, काका?"



त्या हंगामात त्याची सातही घरटी रिकामी राहिली.