पिल्लांसाठी राखलेलं तळं

फार मागं, तळ्याच्या मोरीचं दारसुद्धा बोलायचं, तेव्हाची ही गोष्ट. एका तळ्यात एक कासवीण राहायची. तिनं खालच्या शेताच्या बांधात अंडी पुरली होती. पिल्लं आली की त्यांना काठोकाठ भरलेलं तळं दाखवायचं, एवढाच तिला ध्यास.

पण मोरीतून पाणी पाटानं शेताकडं जायचं आणि तळं रोज बोटभर उतरायचं. कासवीण दाराला म्हणाली, "दारोबा, मिटा की आता! माझ्या लेकरांना काय चिखलात लोळवू?"

दार भोळं. ते मिटलं.

पाट सुकला, शेत करपलं. बांधावरची टिटवी ओरडत आली. "अगं मावशे, माती दगड झालीय. तुझीबी अंडी तिथंच हायत ना?"

"अंड्यांना कुठं तहान लागते, बये?" कासवीण हसली. "तहानलंय तुझं शेत, आन् नाव माझ्या लेकरांचं होय?"

दिवस भरले. कासविणीनं बांधावर जाऊन मातीला कान लावला. आत इवली इवली नखं खरवडत होती. तिनं वरून उकरलं. तिची नखं मोडली, पण ढेकूळ हललं नाही. फरफटत ती दाराशी आली. "उघडा हो, उघडा!"

दार उघडलं. पण वाळलेला पाट आधी आपलीच तहान भागवतो. पाणी बांधाला पोचलं, माती लोण्यासारखी मऊ झाली. कासवीण आणि टिटवी, दोघी वाट बघत बसल्या.

आतून वर कुणीच आलं नाही.