कढणाचा पहिला घोट

ढग जिथं दुपारची झोप काढायला खाली उतरतात ना, अगदी तिथंच, डोंगराच्या पायथ्याशी बकुळीचं घर होतं. घर म्हणजे काय, एक खोली, एक चूल आणि कौलांच्या फटीतून आत डोकावणारं पिटुकलं ऊन. तिथं बकुळी आणि तिची आई सगुणाबाई, दोघीच राहायच्या. गावात लग्न असो की बारसं, स्वयंपाकाला सगुणाबाईच हवी! तिच्या हाताला अशी चव, की पाहुणे बोटं चाटत राहायचे.

पण एकदा आईला मोठा ताप आला. आठवडाभरानं तो उतरला खरा, पण मेला जाताना आईच्या तोंडाची चवच घेऊन गेला! गूळ द्या की मिरची द्या, आईला सगळं मातीसारखं लागायचं. एक घास घेऊन ती ताट सरकवायची. चवच कळेना, तर दुसऱ्यांचा स्वयंपाक कसा करणार? बोलावणी थांबली, डबे रिकामे झाले. आई दिवसेंदिवस वाळत चालली.

एके सकाळी बकुळी मळ्यात गेली. वेलांखाली पडलेल्या शेंगा वेचायला मळेवाला तिला नाही म्हणत नसे. वाटाण्याचे वेल दवानं चमचमत होते. पांढरी फुलं, जांभळी फुलं, इवल्या इवल्या शेंगा, आणि साऱ्यावर सोनेरी ऊन सांडलेलं. तेवढ्यात बारीकसा आवाज आला, "अगं ए, जरा इकडे बघ ना!"

बकुळीनं वाकून पाहिलं, तर काय! वेलाच्या कुरळ्या तंतूत करंगळीएवढी परी अडकली होती. पोपटी झगा, चंदेरी पंख आणि रडून रडून लाल झालेलं इवलंसं नाक.

"ओढून तोड ना हा वेल," परी म्हणाली.

"नको ग. तोडला तर त्याची फुलं कोमेजतील," बकुळी म्हणाली. "तू हलू नकोस हं, मी हळूच सोडवते."

श्वास रोखून तिनं एकेक वळसा उलगडला. पंखाला धक्का नाही, की फुलाला नाही. परी भुर्रकन उडाली आणि तिनं एक वाळकी शेंग हलवली. अहाहा! बकुळीच्या ओंजळीत हिरवीगार डाळ बरसली, वाटाण्याची डाळ, कण न् कण लुकलुकणारा.

"हिचं कढण कर," परी म्हणाली. "पहिला घोट जो घेईल, तो जी इच्छा बोलेल ती खरी होईल. पण अटी आहेत हं! शिजताना चाखायचं नाही. आणि हे गुपित कुणाला सांगायचं नाही."

"आईलासुद्धा नाही?"

"आईलासुद्धा नाही."

बकुळी धावतच घरी आली. तिचा बेत ठरला होता. आईला पहिला घोट द्यायचा आणि विचारायचं, 'आई, तुला काय हवं ग?' आई म्हणणारच, 'माझी चव परत येऊ दे!'

तिनं डाळ धुऊन भिजवली, चुलीवर चढवली. फेस आला तो काढून टाकला. डाळ मऊ शिजल्यावर रवीनं घुसळली, आलं-लसूण ठेचून घातलं, मीठ घातलं. मग कोथिंबीर आणायला ती मळ्याकडे पळाली.

आता गंमत ऐका. इकडे आईला जाग आली. 'ही पोर मीठ विसरली असणार, नेहमीच विसरते,' असं म्हणत ती भिंत धरत धरत उठली, तिनं चांगलं मूठभर मीठ कढणात घातलं आणि पुन्हा येऊन गुपचूप पडली.

बकुळीनं आल्यावर कोथिंबीर घातली, जिऱ्याची फोडणी दिली. चर्र! घरभर घमघमाट सुटला. तिनं वाटी भरली आणि ती आईकडे वळणार, तोच दारातून हाक आली, "आहे का कुणी घरात?"

एक म्हातारी कासारीण बांगड्यांची टोपली घेऊन उभी होती. पाय थरथरत होते, ओठ सुकले होते. "बाळे, सकाळपासून पोटात काही नाही ग. चक्कर येतेय."

पहिला घोट हिला दिला, तर आईचं काय? 'जरा थांबा' म्हणावं का? पण म्हातारीनं तर दाराची चौकट घट्ट धरली होती. बकुळीचे डोळे भरून आले.

"बसा, मावशी," ती म्हणाली आणि तिनं वाटी पुढे केली.

कासारणीनं घोट घेतला आणि तिच्या भुवया कपाळात गेल्या. पण कुणाच्या अन्नाला नाव ठेवू नये, ही तिची रीत. हातानंच पाण्याची खूण करत करत तिनं वाटी संपवली. बकुळी मुठी आवळून उभी होती. आता ही काय मागणार? नवी टोपली? गाडीघोडा?

कासारणीनं तोंड पुसलं, बकुळीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू मला उपाशी जाऊ दिलं नाहीस. तुझ्या मनात असेल ते होऊ दे ग, माझे बाय!"

मग बकुळीनं दुसरी वाटी भरून आईच्या ओठांना लावली. आईनं घोट घेतला आणि केवढं तोंड वाकडं केलं!

"अगं बाई! किती खारट हे! समुद्र ओतलास की काय कार्टे?"

मग आईनं ओठांवरून जीभ फिरवली. "खारट..." ती हळूच म्हणाली. "बकू, मला खारट लागलं ग!"

"खारट! खारट!" बकुळी टाळ्या पिटत नाचू लागली. कासारीण पोट धरून हसली. "आता सांगते बाई, माझी तर जीभच आखडली होती!"

आई पदर खोचून उठली. "पाणी उकळत ठेव. दोन बटाटे सोलून टाक. आणि लिंबू आण शेजारून," तिनं हुकूम सोडले. पाणी वाढलं, कढण वाढलं, आणि पातेलं असं काठोकाठ भरलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही वाटी घेऊन या म्हणून हाका गेल्या.

त्या वाफेत, फक्त बकुळीला दिसेल अशी, पोपटी झग्यातली परी तरंगत होती.

"परीताई, मला वाटलं मी इच्छा गमावली," बकुळी कुजबुजली.

"भरल्या पोटी दिलेल्या आशीर्वादाएवढी जादू मला कुठली येते!" परी हसली. तिचे पंख झगमगले, खोलीभर हिरवा-सोनेरी प्रकाश पसरला आणि त्या प्रकाशात ती विरून गेली.

कितीतरी दिवसांनी आईची वाटी रिकामी झाली होती. तिनं ती पुढे केली.

"अजून एक पळी वाढ ग, बकू," आई म्हणाली. "भूक लागलीय."