कोपऱ्यावरच्या घराची किंमत

"म्हणजे शेजारचं घर कितीला गेलं, हे कुणालाही कळतं?" बुवांनी विचारलं.

"कुणालाही!" हणमंतराव थोरवड्यांनी मांडीवर थाप मारली. "अगदी तुम्हालासुद्धा. मोबाईलवर गाव टाकायचं, वर्ष टाकायचं, घराचा नंबर टाकायचा. दिलं कुणी, घेतलं कुणी, कितीला, सगळं समोर येतं. इंडेक्स टू म्हणतात त्याला. सरकारी असतं, बुवा."

"मग लोक का बघत नाहीत?"

"लोकांचं काय घेऊन बसलात! लोक टपरीवर चौकशी करतात. विकणारा फुगवून सांगतो, घेणारा दाबून सांगतो. मी नाही कुणाच्या दारात जात. मी थेट मुळाशी जातो."

आणि गेला होताच गडी, खोटं कशाला बोला. तासगावच्या त्या पेठेत एवढी खटपट दुसऱ्या कुणी केली नसेल. आमच्या मठात माणसं डोळे पुसत येतात. हा मिशीला पीळ देत आला होता.

त्याने खिशातून कागद काढला आणि बुवांच्या पुढ्यात ठेवला.

"हे बघा. आमच्याच गल्लीतलं घर, आमच्याएवढंच. ही त्याची किंमत. याच्या निम्मे आक्काला देतो. उद्या दस्त आहे."

वत्सलाआक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून सांगलीत भाड्याच्या खोलीत राहते. वडिलांच्या घरात तिचा अर्धा हिस्सा. तो हणमंतरावाला देऊन येणाऱ्या पैशात स्वतःच्या दोन खोल्या घ्यायच्या, एवढंच तिच्या मनात होतं. दस्ताचं तिला काही कळत नव्हतं. बुवा हो म्हणाले तर डोळे झाकून सही करते, असं तिने भावाला फोनवर सांगितलं होतं.

"तेव्हा तुम्ही फक्त एक शब्द टाका," हणमंतराव म्हणाला. "किंमत रास्त आहे, एवढंच म्हणा."

बुवांनी कागद हातात घेतला. चष्मा नव्हता, म्हणून लांब धरून वाचला.

"गल्लीत एवढं एकच घर विकलं गेलं?"

"आणखी दोन आहेत... पण हे लागू पडतं."

"आकडा खरा आहे?"

"बुवा! सरकारी नोंद आहे."

"आणि रास्त?"

"शंभर टक्के. कुणालाही विचारा."

"बरं."

बुवांनी कागद खाली ठेवला. मग एका बोटाने तो हळूच फिरवला. अक्षरं आता हणमंतरावाच्या बाजूला झाली.

"मग उद्या तू सही कर. या किमतीत तुझा हिस्सा आक्का घेईल."

...

हणमंतराव हसला. बुवा हसले नाहीत.

"तिच्याकडे कुठले पैसे, बुवा?"

"तिचं ती बघेल. तू देतोस का, सांग."

"माझा हिस्सा?"

"तुझा."

"या किमतीला?"

"रास्त आहे म्हणालास."

हणमंतरावाचं नाक लाल झालं. आवाज चढला.

"अहो, काय बोलताय! घर बघितलंय का तुम्ही आमचं? कोपऱ्यावरचं आहे, दोन्ही अंगांनी रस्ता. आमच्या अप्पांनी पाया खणला तेव्हा बघायला गाव लोटलं होतं. सागवानी दार आहे, आज शोधून मिळायचं नाही तसलं. आडाला मे महिन्यात पाणी! आणि हे कागदावरचं घर? पडायला आलेलं. त्या माणसाला मुलीच्या दवाखान्यासाठी घाईने काढावं लागलं, म्हणून त्या किमतीला गेलं. त्याची आणि आमची बरोबरी? पलीकडच्या साळुंख्यांचं बघा. याच्या दुप्पट आले त्यांना, दुप्पट! मी स्वतः काढलाय आकडा. आणि त्यांना तर अंगणसुद्धा नाही. आमचं घर त्यांच्या वर जायला पाहिजे, वर! थोरवड्यांचं घर आहे ते, काही..."

तो थांबला.

बुवा त्याच्याकडे बघत होते. रागाने नाही. उलट मला तर वाटलं, ते कौतुकाने ऐकत होते. इतकं छान बोलला होता तो.

...

हणमंतरावाने कागद उचलला. त्याची घडी घातली, पुन्हा उलगडली. आतून चुलीवरच्या आमटीचा वास येत होता, पण जेवून जा म्हणायचा मला धीर झाला नाही.

"अप्पांचं फार प्रेम होतं घरावर," तो म्हणाला. "आक्काचंही आहे. ती अजून आली की आधी उंबऱ्यावर हात फिरवते."

त्याने कागद खिशात घातला.

"मला वाटलं होतं, मी सगळी चौकशी केली..."

"चांगली केलीस."

"थट्टा करू नका, बुवा."

"नाही रे बाबा. खरंच चांगली केलीस."

हणमंतराव उठला. पाया पडला. दारापर्यंत गेला आणि चप्पल पायात घालता घालता मागे वळला. मान वर होत नव्हती.

"बुवा, मग उद्या आक्काला किंमत काय सांगू?"

"किंमत नको सांगूस, हणमंता. आत्ता मला सांगितलंस तसं घर सांग."