चुन्याचं बोट

एक मुलूख होता, आणि त्या मुलखात डफावाचून काहीच हलत नसे. दूरदूरच्या बांधांवर दोरकरी हातात दोर धरून उभे असत. थाप ऐकू आली की दोर ओढायचा, थाप थांबली की सोडायचा. दोराच्या दुसऱ्या टोकाला काय बांधलंय, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. विचारायला सवड कुणाला होती?

थापा निघत त्या काळ्या आळीतून. आळी लहानशी, घरं मोजकी, पण तिथल्या एकेका डफाचा आवाज असंख्य बांधांवर पोचायचा. मुलखात भिंती लिंपणारे, पाणी वाहणारे किती आले नि किती गेले, त्यांच्या जागी रोज नवे यायचे. डफकऱ्याचं तसं नव्हतं. तो एकदा बसला की बसला, आणि त्याचं दार बंद झालं की ते कायमचंच.

लोकांना वाटतं, डफ वाजवायला कष्ट पडतात. कसले कष्ट! खरे कष्ट डफ तापलेला ठेवण्यात. कातडं गार पडलं की ढिलं होतं, मग डफावर थाप मारा नाहीतर उशीवर बुक्की मारा, आवाज तोच. थापेचा हुकूम कधी येईल याचा नेम नसायचा, म्हणून डफ अष्टौप्रहर शेकत धरावा लागे. सगळं जळण त्यातच संपायचं. काळ्या आळीतल्या घरांत पाय ठेवायला जागा नसे, इतक्या चुली.

चुली आईकडून यायच्या. रिती आईकडूनही यायच्या आणि बापाकडूनही.

आता चूल म्हटली की कधीतरी तडकणारच. तडकलेली चूल ऊब देत नाही, नुसता धूर ओकते, आणि वर जळण मात्र दुप्पट खाते. म्हणून अशा चुलीवर चुन्याचं बोट ओढायचं, ही आईकडची रीत. पांढरी रेघ दिसली की मोडकरी येत, चूल उचलून नेत आणि तिचीच माती मळून नवी चूल घालत. बापाकडची रीत स्वच्छतेची होती. पोतेरं फिरवल्याशिवाय चूल पेटवायची नाही. चांगलीच रीत, नाव ठेवायला जागा नाही. फक्त रेघ ओढलेल्या चुलीला पोतेरं लावू नये, एवढं सांगायचं कुणा जुन्या पूर्वजाच्या हातून राहून गेलं होतं. तेव्हापासून ते राहिलं ते राहिलंच.

आळीतली डफकरीण सगुणा दोन्ही रिती मनापासून पाळायची. चूल तडकलेली दिसली की संध्याकाळी तिच्यावर चुन्याचं बोट ओढायची. सकाळी उठून, शेणमातीचा काला करून, सगळ्या चुलींवरून पोतेऱ्याचा हात फिरवायची. उन्हं वर आली की मोडकरी दारात यायचे, आत डोकावायचे आणि म्हणायचे, "वा, सगुणाबाई, काय लख्ख ठेवलंय घर! इथे काही मोडलेलं दिसत नाही."

आणि पुढच्या दाराला जायचे. तिथेही लख्खच.

रीत साऱ्या मुलखाची तीच होती. पण बाकीच्यांकडे चुली थोड्या, त्याही मंद जळणाऱ्या. एखादी धुरकट राहिली तर राहिली, काय बिघडतंय? सगुणाची शेजारीण तारामावशी तिच्याच भिंतीला भिंत लावून राहायची, पण तिच्या डोळ्यांना धूर कधी झोंबला नाही. डफकऱ्यांना जळण फोडायला सवड नसते, म्हणून ती आपल्या अंगणात लाकडं फोडून, काड्या करून सगुणाच्या दारात आणून टाकायची. माया होती तिची.

पहिल्यांदा ओरड आली ती सगळ्यात लांबच्या बांधावरून. थाप नीट ऐकू येत नाही म्हणे. सगुणाने डफ चाचपला, तर एक कड गार लागली.

"मावशी, ऊब पुरेना हो," ती म्हणाली.

"अगं, मग आधी नाही का सांगायचं!" तारामावशी म्हणाली आणि दुप्पट जळण घेऊन आली.

दुप्पट जळण घातलं, थाप तेवढ्यापुरती पोचली, पण धूरही दुप्पट झाला. आढं काळं पडलं. धुराने चांगल्या चुलींच्या भिंतीही तडकायला लागल्या. सगुणाने त्यांच्यावरही इमानाने बोट ओढलं आणि सकाळी इमानाने पुसलं. आपण काहीतरी वेडंवाकडं करतोय, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. उलट, एवढं जळण आणि एवढी स्वच्छता असून घर गार का, या विचाराने तिचा जीव कासावीस व्हायचा.

मग समोरचे येसूतात्या गेले. त्यांचा डफ आधी बदबद वाजला, मग वाजलाच नाही. मोडकऱ्यांनी दार उघडलं तेव्हा आत काजळी होती आणि सारवलेल्या सुबक चुलींच्या रांगा होत्या. उरलेल्या डफकऱ्यांनी तात्यांचे बांध आपसांत वाटून घेतले. प्रत्येकाने थाप वाढवली, म्हणजे ऊब वाढवली, म्हणजे जळण वाढवलं, म्हणजे धूर वाढवला. दोरकऱ्यांना मात्र काही कळलं नाही. आळीतली निम्म्याहून जास्त दारं बंद झाली तरी बांधांवर सगळं सुरळीत चाललं होतं. त्याचा सगुणाला केवढा अभिमान!

तो फार टिकला नाही. थापा तुटक झाल्या. ओढायचं की सोडायचं, दोरकऱ्यांना उमगेना. कानोसा घेत ते थोडं ओढायचे, लगेच सोडायचे, पुन्हा ओढायचे, पुन्हा सोडायचे. काही जण तर दोर आवळून तसेच ताठ उभे राहायचे.

अशात एक दिवस आभाळातून उसना आवाज आला. डफ कुणाचा, कोण वाजवतंय, कुणाला ठाऊक. पण थाप खणखणीत. बांधाबांधावर आनंदीआनंद झाला, दोर झराझर ओढले जाऊ लागले. तारामावशीने सगुणाच्या गळ्यात हात टाकला. "सुटलीस गं बाई!"

सगुणाही हसली. पण उसना आवाज थोड्या वेळाने विरायचा, पुन्हा यायचा, पुन्हा विरायचा. त्याने दोर हलले, पण आळीतली एक चूलही सुधारली नाही. पुढे तो आला की दोरकरी भलतेच उधळायचे, नको तेव्हा नको ते दोर ओढायचे. आणि गेला की सगळा मुलूख दगडासारखा थिजायचा.

शेवटी काळ्या आळीत सगुणाच्या आसपास हाकेला ओ देणारा एकही डफकरी उरला नाही. तिच्याही घरात धड चूल एकच राहिली होती. त्या संध्याकाळी तीही तडकली. सगुणाला रडू कोसळलं.

"मावशी, माझं काय चुकलं हो? आईचं केलं, बापाचं केलं. एक दिवस चुकवला नाही."

तारामावशीने पदराने सगुणाचे डोळे पुसले आणि म्हणाली, "तुझं कसलं चुकतंय? तुझ्याइतकं नेटकं घर मी पाहिलं नाही. थांब, आणखी जळण आणते."

सगुणाने चुन्यात बोट बुडवलं आणि चुलीवर रेघ ओढली. सकाळी तिला उठवेना. तरी ती भिंत धरून उठली, बसत बसत काला केला आणि पोतेऱ्याचा शेवटचा हात फिरवला. मग गार डफ मांडीवर घेऊन तिने थाप मारली.

त्याच सकाळी, त्या मुलखाच्या पार बाहेर, खिडकीशी खुर्चीत एक माणूस सदऱ्याचं बटण लावत बसला होता. बटण चिमटीत येत होतं, काजापाशी जात होतं आणि बोटं थरथरून निसटत होतं. कंपवाताची गोळी घेऊन बराच वेळ झाला होता. समोरचा चहा गार झाला होता.

"थांबा अण्णा, मी लावते," त्याची लेक म्हणाली आणि खाली वाकली.

तिची बोटं भराभर चालली. एकही बटण चुकलं नाही. तिच्या डोक्यातल्या काळ्या आळीतले सगळे डफ अजून कडक तापलेले होते, दारोदार सकाळचं सारवण चाललं होतं, आणि एका घरात एका चुलीवरची पांढरी रेघ ओल्या पोतेऱ्याखाली नुकतीच झाकली गेली होती.